शेजारणीच्या वहीत सापडलेला मसाला

लालबाग ते गिरगाव : प्रवासातून आमच्या चुलीपर्यंत आलेले काही साधे पदार्थ

मे महिना लागला की आमच्या घरात वर्षाच्या मसाल्याची गडबड सुरू होते. आम्ही म्हणजे दोघी जावा आणि एक नणंद. तिघींचे संसार आता तीन ठिकाणी आहेत, पण मसाला आजही एकत्रच होतो. मिरच्या आणायला एकत्र जायचे, देठ काढायला एकत्र बसायचे आणि शेवटी बरण्या वाटून घ्यायच्या. ही पद्धत आमच्या अम्मांनी घालून दिलेली.

अम्मा असेपर्यंत काळजी नव्हती. म्हणजे अम्मा आजही आहेत, अल्लाहच्या कृपेने आहेत. पण तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि वाचा दोन्ही गेले. घरातले सगळे औषधपाणी, मालीश, डॉक्टर यांत गुंतले. मे महिना आला तेव्हा आमच्या ध्यानात आले की मसाल्याचे प्रमाण आम्हां तिघींपैकी एकीलाही ठाऊक नाही. पंचवीस वर्षे आम्ही त्यांच्याबरोबर मिरच्या निवडल्या, कढईपाशी उभ्या राहिलो, पण परातीत काय किती पडते ते त्यांच्या मुठीला माहीत होते. त्या मूठ भरून टाकायच्या आणि म्हणायच्या, "बस झालं." आम्ही विचारायचो, "अम्मा, किती घातलं?" उत्तर एकच, "अंदाजानं."

आता मूठही थांबली आणि अंदाजही.

पहिल्या वर्षी आम्ही आठवेल तसा मसाला केला. रंग आला, चव आली नाही. दुसऱ्या वर्षी एका जाणत्या बाईंकडून यादी आणली. तो मसाला वाईट नव्हता, पण त्याचे कालवण केले की वर तेल वेगळे आणि खाली पाणी वेगळे दिसायचे. अम्मांना भरवताना आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो. त्या निमूट खायच्या. पूर्वी मीठ जरा इकडेतिकडे झाले तरी ताट बाजूला सारणाऱ्या अम्मा निमूट खातात, याचेच आम्हांला जास्त वाईट वाटायचे.

मिरची गल्लीतली सकाळ

ज्या भगिनींनी लालबागची मिरची गल्ली पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. करी रोड किंवा चिंचपोकळी स्टेशनला उतरून लालबागच्या बाजाराकडे निघाले की गल्ली दिसायच्या आधी नाकाला कळते. शिंका येऊ लागतात. उन्हाळ्यात तिथे मिरच्यांची पोती उघडी करून मांडलेली असतात. सुरकुतलेली, गडद लाल ब्याडगी रंगासाठी. लांबट, झणझणीत संकेश्वरी तिखटपणासाठी. रंग हवा पण तिखट नको असेल तर काश्मिरी. शेजारीच धणे, बडीशेप, दालचिनी, दगडफूल, चक्रीफूल, मसाला वेलची. पसंत केलेला माल तिथेच मोठ्या कढयांत भाजून मिळतो आणि डंकावर कुटूनही मिळतो. डंक म्हणजे यंत्रावर चालणारे मोठे मुसळ. त्यात मसाला दळला जात नाही, कुटला जातो, आणि फार गरम होत नाही म्हणून वास टिकतो असे जुन्या बायका सांगतात. आपला घाणा येईपर्यंत बायका तोंडाला पदर लावून रांगेत उभ्या असतात. त्या रांगेत कोकणी, घाटी, मुसलमान, ख्रिश्चन सगळ्याच असतात, आणि प्रत्येकीच्या हातातल्या चिठ्ठीवर वेगळे प्रमाण असते.

आमच्या हातात मात्र चिठ्ठी नव्हती.

"हा भाभींचा मसाला नाही"

गेल्या वर्षी रमजाननंतर एक पाहुणी अम्मांना भेटायला आली. परळच्या जुन्या चाळीतली आमची समोरच्या खोलीतली शेजारीण. माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचे. अम्मा त्यांना वहिनी म्हणायच्या, त्या अम्मांना भाभी म्हणायच्या, आणि आम्ही मावशी. चाळ पाडली गेली तेव्हा त्या मुलाबरोबर बदलापूरला गेल्या. लग्नकार्यात भेट व्हायची तेवढीच.

मावशी अम्मांचा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या. नंतर जेवायला वाढले. बोंबलाचे कालवण होते. पहिला घास घेताच त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हा भाभींचा मसाला नाही."

आम्ही सगळी हकीकत सांगितली. मावशी म्हणाल्या, "अगं, मग मला विचारायचं होतं. माझ्याकडे लिहिलेलं आहे."

आमच्या घरचा मसाला दुसऱ्याच्या घरात लिहिलेला असेल, हे आमच्या मनातच आले नव्हते.

खाणावळीची वही

पुढच्या रविवारी आम्ही दादरहून बदलापूरची लोकल पकडली. मावशींनी ट्रंकेतून शंभर पानी वही काढून ठेवली होती. वहीच्या पुढच्या पानांवर खाणावळीचा हिशेब होता. गावांची आडनावे, महिन्याचे पैसे, आणि कोणी किती दिवस जेवायला आला नाही ते खाडे.

तरुण वाचकांसाठी इथे थोडा इतिहास सांगायला हवा. मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ मध्ये ताडदेवला झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा पट्टा गिरणगाव झाला. कोकणातून आणि घाटावरून पुरुष कामाला आले. बायकामुले बहुधा गावीच राहिली. एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला खाणावळीत जायचे. ही खाणावळ म्हणजे हॉटेल नव्हे. कुणीतरी गिरणी कामगाराची बायको आपल्याच दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस जणांचे रांधायची. पैसे महिन्याच्या महिन्याला मिळायचे, आणि किराणा आणायला सावकाराकडे जावे लागायचे. याच बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

आमचे सासरे गिरणीत साचेखात्यात होते. मावशींचे यजमानही त्याच गिरणीत. मावशींच्या खोलीत खाणावळ चालायची. पहिली पाळी सकाळी सातची, म्हणून त्यांचा स्टोव्ह पहाटे चारला पेटायचा.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिना गेला, दोन महिने गेले. खाणावळीची माणसे एकेक करून गावी परतली. वहीत त्या महिन्यांची पाने दिसतात. नावापुढे खाडे, खाडे, खाडे, आणि मग नावच नाही. संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. दोन्ही घरांचा पगार बंद, आणि मावशींची तर खाणावळही बंद.

त्या मे महिन्यात अम्मा आणि मावशी यांनी मिळून मसाला विकायला घेतला. मिरची उधारीवर लालबागहून, भाजणे चाळीच्या मागच्या अंगणात, निवडणे दोन्ही घरांच्या मुलांकडून. पाव-पाव किलोच्या पुड्या बांधून त्या दोघी दादरच्या ओळखीच्या घरांत नेऊन द्यायच्या. विचारले तर नाव सांगायच्या, "परळचा मसाला." विकायचा म्हटल्यावर अंदाज चालत नाही, दर वेळी चव तीच हवी. म्हणून मावशींनी अम्मांना एक दिवस वाण्याच्या तराजूपुढे बसवले आणि त्यांची मूठ मोजली. वहीच्या मागच्या पानावर निळ्या शाईत लिहिले आहे : "भाभीच्या ५ मुठी = पाव किलो." खाली पूर्ण प्रमाण. आणि शेवटी एक ओळ : "गिरगावात गहू घालतात. भाभी तांदूळ घालते. रस्सा मिळून येतो."

हाच तो तांदूळ आम्ही विसरलो होतो. कढईच्या कडेला मूठभर तांदूळ लाल होताना आम्ही वर्षानुवर्षे पाहिला होता. पण तो मसाल्यातला जिन्नस आहे हे कधी मनावर घेतले नाही.

गिरगावचा उल्लेख का, तेही मावशींनीच सांगितले. अम्मा १९६२ मध्ये दाभोळ खाडीकाठच्या गावातून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरल्या, तेव्हा पहिली दोन वर्षे त्यांचा संसार गिरगावात होता, खोताच्या वाडीपासून जवळच. तिथे ईस्ट इंडियन ख्रिश्चन कुटुंबांत उन्हाळ्यात बाटली मसाला व्हायचा. कुटलेला मसाला बाटल्यांत ठासून भरायचा, म्हणून ते नाव. त्यात अनेक घरी भाजलेले गहू आणि हरभऱ्याची डाळ पडते. अम्मांनी ते पाहिले, आणि आपल्या कोकणी घराला सोयीचा म्हणून गव्हाच्या जागी तांदूळ घेतला. आमच्या "खानदानी" मसाल्यात म्हणजे दाभोळ, गिरगाव, लालबाग आणि परळ एवढ्या ठिकाणांचा वाटा आहे. आम्ही मात्र तो आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नाही, याचा उगाच अभिमान बाळगून होतो.

मावशींच्या परवानगीने ते प्रमाण घरगुती वापरासाठी लहान करून इथे देत आहोत.

१) परळचा मसाला (सुमारे ८०० ग्रॅम)

साहित्य : देठ काढलेली ब्याडगी मिरची २५० ग्रॅम, संकेश्वरी मिरची १०० ग्रॅम, धणे २५० ग्रॅम, हळकुंड ५० ग्रॅम, तांदूळ ३५ ग्रॅम (अम्मांची पाऊण मूठ), बडीशेप ३० ग्रॅम, जिरे ३० ग्रॅम, मिरे १५ ग्रॅम, दालचिनी १५ ग्रॅम, लवंग १० ग्रॅम, शहाजिरे १० ग्रॅम, मसाला वेलची १० ग्रॅम, दगडफूल १० ग्रॅम, चक्रीफूल ५ ग्रॅम, तमालपत्राची ५-६ पाने, तेल २ चमचे, हिंगाचे २ खडे.

कृती : मिरच्यांना दोन दिवस कडक ऊन द्या. मंद आचेवर त्या कुरकुरीत होईपर्यंत परता. काळ्या पडता कामा नयेत, नाहीतर मसाला कडू होतो. धणे कोरडेच भाजा. जिरे, शहाजिरे आणि बडीशेप वेगवेगळे भाजा, कारण प्रत्येकाला वेळ निराळा लागतो. हळकुंडे थोड्या तेलात फुलेपर्यंत तळून फोडून घ्या. उरलेल्या तेलावर खडा मसाला परता. तांदूळ धुऊन पूर्ण वाळवा आणि तांबूस लाल होईपर्यंत भाजा. सगळे पूर्ण गार झाले की डंकावर कुटून आणा, किंवा मिक्सरमध्ये थोडे थोडे फिरवून चाळून घ्या. कोरड्या चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा आणि वर हिंगाचे खडे ठेवा. ओला चमचा लागला नाही तर वर्षभर टिकतो.

२) सुक्या बोंबलाचे कालवण

अम्मा गावाहून बोटीने येताना बरोबर तांदूळ आणि सुकी मासळी आणायच्या. चाळीत फ्रीज कुणाकडे होता? पावसाळ्यात, ताजी मासळी महाग असताना, हे कालवण आठवड्यातून दोनदा व्हायचे.

साहित्य : सुके बोंबील ८-१०, बटाटा १, कांदा १, ठेचलेला लसूण ८ पाकळ्या, वरचा मसाला २ चमचे, आमसुले ४, तेल २ मोठे चमचे, पाणी अडीच वाट्या, मीठ, कोथिंबीर.

कृती : बोंबलांचे डोके-शेपूट काढून दोन-दोन इंचांचे तुकडे करा. गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून स्वच्छ धुवा. तेलात लसूण लाल करा, कांदा परता. आच मंद करून मसाला घाला आणि लगेच पाण्याचा हबका मारा, म्हणजे तो जळत नाही. बटाट्याच्या फोडी आणि पाणी घालून उकळी आणा. बटाटा अर्धा शिजला की बोंबील सोडा. सात-आठ मिनिटांनी आमसुले घाला. मीठ चव पाहून शेवटीच घाला. सुकी मासळी चालत नसेल तर त्याच रश्श्यात उकडलेली अंडी सोडा. तांदळाच्या भाकरीबरोबर वाढा.

३) मावशींचे पिठले

१९८२ सालचा रमजान जूनच्या अखेरीस आला. संपाला पाच महिने झाले होते. खाणावळ बंद होती तरी मावशींना पहाटे चारला जाग यायचीच. समोरच्या खोलीत सहरीचा दिवा दिसला की त्या पिठले-भाकरी घेऊन यायच्या. "उठलेच आहे तर केलं," एवढेच म्हणायच्या. ईदला आमच्याकडून शिरखुर्मा जायचा, बकरी ईदला मटणाचा वाटा कच्चाच जायचा आणि मावशी तो आपल्या भांड्यात आपल्या पद्धतीने शिजवायच्या. कुणी कुणाला काही समजावून सांगावे लागले नाही. त्या महिन्यापासून पिठले आमच्या सहरीत आले ते आजतागायत आहे.

साहित्य : बेसन १ वाटी, पाणी ३ वाट्या, कांदा १, लसूण ६ पाकळ्या, हिरव्या मिरच्या ४, मोहरी, जिरे, हिंग, हळद, मीठ, कोथिंबीर, तेल ३ चमचे.

कृती : बेसन एक वाटी पाण्यात गुठळी न राहता कालवून ठेवा. तेलात मोहरी, जिरे, हिंग, लसूण, मिरची, कांदा या क्रमाने परता. हळद, मीठ आणि उरलेले दोन वाट्या पाणी घालून उकळी आणा. एका हाताने पीठ ओतत दुसऱ्या हाताने ढवळा. झाकण ठेवून मंद आचेवर सहा-सात मिनिटे वाफ द्या. कांदा-मिरची रात्रीच चिरून ठेवली तर पहाटे पंधरा मिनिटांत होते. पोटभरीचे आहे, आणि फार तिखट केले नाही तर दिवसा तहानही सोसते.

४) गाडीतली सांदणे

मुलांच्या शाळेला सुट्टी लागली की आम्ही गावी निघायचो. आधी परळच्या डेपोतून रात्रीची एसटी, अंग मोडून काढणारी. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा सगळा मार्ग खुला झाला आणि आम्ही दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर धरू लागलो. (आता ती दिव्याहून सुटते.) गाडीत काय खायचे हा प्रश्न अम्मांनी सांदणांनी सोडवला होता. हाताला चिकटत नाहीत, सांडत नाहीत, मुले आवडीने खातात.

साहित्य : तांदळाचा जाडसर रवा २ वाट्या, नारळाचे दाट दूध दीड वाटी, साखर पाऊण वाटी, यीस्ट अर्धा चमचा, वेलची, चिमूटभर मीठ, काजूचे तुकडे.

कृती : रवा धुऊन चार तास भिजवा आणि पाणी निथळून टाका. कोमट पाण्यात चमचाभर साखर घालून यीस्ट फुलवा. नारळाचे दूध, साखर, मीठ, वेलची आणि यीस्ट रव्यात मिसळून इडलीच्या पिठाइतके सरसरीत ठेवा. उबदार जागी तास-दीड तासात पीठ फुगून जाळी धरते. तेल लावलेल्या वाट्यांत अर्ध्यापर्यंत भरा, वर काजू लावा आणि पंधरा ते वीस मिनिटे वाफवा. नारळ असल्यामुळे उन्हाळ्यात त्याच दिवशी संपवा.

५) दादरची लसूण चटणी

दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमारास पावात वडा घालून विकायला सुरुवात केली असे सांगतात. गिरण्यांच्या पाळीला धावणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या पोट भरायला याहून सोयीचे काय? आमचे सासरे संध्याकाळी येताना कधीतरी पुडी आणायचे, आणि मुलांचे भांडण वड्यावरून नव्हे, लाल चटणीवरून व्हायचे. शेवटी अम्मांनी चटणी घरीच केली. इफ्तारीला वड्यांबरोबर, प्रवासात भाकरीबरोबर, आणि काहीच नसेल तर तेल-चटणी-पाव.

साहित्य : लसूण २० पाकळ्या, किसलेले सुके खोबरे १ वाटी, शेंगदाणे २ चमचे, लाल तिखट २ चमचे, मीठ, तेल १ चमचा.

कृती : शेंगदाणे भाजून सोला. खोबरे मंद आचेवर गुलाबी करा. तेलात लसूण कोरडा होईपर्यंत परता. गार झाल्यावर तिखट-मीठ घालून खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये जाडसर कुटा. बारीक वाटू नका, तेल सुटते. कोरड्या बाटलीत पंधरा दिवस राहते.

६) लूमीचा भात

संपानंतर गिरणीची नोकरी गेली ती गेलीच. आमचे धाकटे दीर मोठे झाल्यावर, कोकणातल्या अनेक मुलांसारखे, आखातात कुवेतला गेले. पहिल्या सुट्टीत त्यांनी सुकवलेली काळी लिंबे आणली. तिकडे त्यांना लूमी म्हणतात. तिकडच्या मजबूस नावाच्या भातात ती पडतात. अम्मांनी एक लिंबू हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "आपल्या आमसुलाचाच भाऊ दिसतोय." मग आपला मसाला घालून तो भात आमच्या घरचा झाला.

साहित्य : कोंबडीचे तुकडे अर्धा किलो, बासमती तांदूळ २ वाट्या, कांदे २, टोमॅटो २, लूमी २, आले-लसूण वाटण १ मोठा चमचा, दालचिनी, लवंग, वेलची, परळचा मसाला १ चमचा, तेल, मीठ.

कृती : तांदूळ अर्धा तास भिजवा. लूमी फोडून बिया काढून टाका, त्या कडू असतात. तेलात अख्खा मसाला, कांदा, आले-लसूण, टोमॅटो परतून मसाला घाला. कोंबडी, लूमी, मीठ आणि पाच वाट्या पाणी घालून पंचवीस मिनिटे शिजवा. कोंबडी बाहेर काढा. साडेतीन वाट्या रस्सा मोजून ठेवा आणि त्यातच तांदूळ शिजवा. कोंबडीचे तुकडे तव्यावर थोड्या तेलात लाल करून भातावर मांडा. लूमी नसेल तर भात उतरवताना एक लिंबू पिळा.

अम्मांचे उत्तर

बदलापूरहून आल्यावर त्याच आठवड्यात आम्ही लालबागला गेलो. या वेळी हातात चिठ्ठी होती. मसाला कुटून आणला आणि संध्याकाळी बोंबलाचे कालवण केले. रस्सा मिळून आला होता, तेल-पाणी वेगळे झाले नव्हते. अम्मांना उशीला टेकवून बसवले आणि पहिला घास भरवला. त्यांनी तो चावला. मग डावा हात वर केला, अंगठा आणि दोन बोटे एकत्र आणून चिमूट दाखवली. मीठ कमी होते.

आम्ही तिघी एकदम हसलो आणि रडलोही. दोन वर्षांत अम्मांनी पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकाला नाव ठेवले होते.

मावशींना फोन करून सांगितले. त्या म्हणाल्या, "मिठाचं प्रमाण मी लिहून घेतलंच नव्हतं. ते ज्याचं त्याला."

आपली वही आजच सुरू करा

या प्रसंगातून आम्ही जे शिकलो ते वाचक भगिनींसाठी थोडक्यात देतो.

मोठ्यांना "किती घातलं?" असे विचारू नका, उत्तर "अंदाजानं" असेच येणार. त्यांची मूठ भांड्यात पडण्याआधी वजनकाट्यावरच्या वाटीत घ्या. मूठ, चिमूट, पळी, तिन्ही एकदा मोजून ठेवा.

जिन्नस जसे लिहाल तसा क्रमही लिहा. काय आधी भाजले, काय नंतर, काय कोरडे, काय तेलात. चूक बहुतेक वेळा तिथेच होते.

पदार्थ कुणाकडून आणि कोणत्या गावाहून आला ते वर लिहा. आमच्या वहीत पिठल्याच्या पानावर मावशींचे नाव आहे. मुलांना त्यातूनच कळेल की आपल्या ताटात कुणाकुणाचा हात आहे.

वहीची नक्कल एका तरी बाहेरच्या माणसाला द्या. बहीण, मैत्रीण, शेजारीण, कुणीही. कृती लपवून ठेवली तर ती आपली राहते असे आम्हांला वाटायचे. अम्मांनी ती मोकळ्या मनाने समोरच्या खोलीत दिली होती, म्हणूनच ती चाळीस वर्षांनी आम्हांला परत मिळाली.

आणि घरात कुणी वयस्कर असेल तर येत्या जुम्म्याच्या दिवशी, जेवणे आटोपल्यावर, वही-पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसा. आधी त्यांच्या लहानपणच्या प्रवासाविषयी विचारा, बोटीविषयी, एसटीविषयी. बोलता बोलता त्या स्वतःच शिदोरीवर येतील. तुम्ही फक्त लिहीत राहा.